भरती करताना आधी आपल्या मायक्रोमीटरचा झिरो बघा

चाकणच्या एका मशिनिंगच्या कंपनीत मी बारा वर्षं क्वालिटीत काढली आणि गेली सहा वर्षं तिथलीच भरती बघतेय. कंपनी छोटीच, ऐंशीच्या आसपास माणसं. वेगळं एचआर डिपार्टमेंट ठेवण्याइतकी मोठी नाही, पण "ओळखीतला कोणीतरी बघा" म्हणून भागेल इतकी छोटीपण राहिली नाही. अशा साइजच्या कंपन्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि माणूस कसा निवडायचा हे त्यांना कोणीच शिकवत नाही, म्हणून आम्ही जे करतो ते जसंच्या तसं लिहितेय.

डायव्हर्सिटीचा, म्हणजे सगळ्या प्रकारच्या माणसांना संधी द्यायचा, विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही फक्त मेरिट बघतो". मलाही मेरिटच हवंय हो. इन्स्पेक्शनला चुकीचा माणूस बसला तर कस्टमरकडून अख्खा लॉट परत येतो आणि मग रविवारी सगळ्यांना बोलवून एकेक जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला पार्ट, परत मोजावा लागतो, हे मी स्वतः निस्तरलंय. पण क्वालिटीत पहिल्याच दिवशी शिकवतात की जॉबला हात लावायच्या आधी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, झिरोवर येतोय का बघ. झिरो हललेला असेल तर कितीही प्रामाणिकपणे मोजा, चांगला जॉब रिजेक्ट होणार आणि खराब पास होणार. भरतीत ते मोजायचं साधन म्हणजे आपली जाहिरात, आपले प्रश्न आणि समोर बसलेले आपण, आणि त्याचा झिरो कोणी कधी तपासलेलाच नसतो.

झिरो किती हललेला असू शकतो ते ऐका. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ, जे यूजीसीचे अध्यक्ष होते, त्यांनी अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांच्याबरोबर एक अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये छापून आला. पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं यायची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. अजून कोणी कोणाशी बोललेलंही नव्हतं, मेरिट बघायची वेळच आली नव्हती. हे अर्ज गाळणारे सगळे ठरवून तसं करत होते असं मला वाटत नाही, शंभर अर्ज पुढ्यात असले की हात आपोआप ओळखीच्या वाटणाऱ्या नावावर थांबतो, आणि म्हणूनच "आमच्या मनात तसं काही नाही" एवढ्यावर भागत नाही, पद्धतच बदलावी लागते.

जाहिरात लिहायच्या आधी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर हा माणूस पहिल्या सहा महिन्यांत रोज नक्की काय करणार आहे ते लिहा. माणूस कसा हवा ते नाही लिहायचं, काम काय आहे ते लिहायचं. आमच्या इन्स्पेक्टरचं उदाहरण देते: ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि बोअर गेज वापरणं, रिपोर्ट भरणं, आणि जॉब बसत नसेल तर प्रॉडक्शनचा सुपरवायझर डोक्यावर उभा असताना सुद्धा त्या जॉबला लाल टॅग, म्हणजे रिजेक्टची खूण, लावणं. झालं, एवढंच काम आहे.

आता तुमची जुनी जाहिरात काढा आणि तिच्यातली एकेक अट या कागदाला लावून बघा. दहावीपासून थ्रूआउट ६० टक्के, नो गॅप, नो बॅकलॉग, फ्लुएंट इंग्लिश, स्वतःची टू-व्हीलर. आमच्या जाहिरातीत या पाचही होत्या आणि त्या कोणी टाकल्या हे कोणालाच आठवत नव्हतं, मागच्या जाहिरातीवरून कॉपी होत आल्या होत्या.

६० टक्क्यांचंच घ्या. पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, पोरं दिवसाचे काही तास लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काम करतात आणि त्या पैशावर शिकतात. असं काम करून ५४ टक्के आणलेला मुलगा आणि क्लासची फी, वेगळी खोली, घरचा डबा हे सगळं मिळून ६२ आणलेला मुलगा, यांतला पहिला आपण कॉम्प्युटरवर एका फिल्टरने उडवतो आणि वर म्हणतो मेरिटवर घेतलं. मी ६२ वाल्याला कमी लेखत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की त्या दोन आकड्यांवरून लाल टॅग कोण लावेल हे कळत नाही. मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीचंही तसंच, नाव बघूनच अर्ज बाजूला पडतो, पण नोकरी करत करत रात्री अभ्यास करून ती डिग्री घेतलेल्या माणसाबद्दल त्या कागदावरून खरंतर बरंच काही कळायला हवं.

गॅपचं पण ऐका. आपल्याकडे मुलाच्या बायोडेटात दोन-तीन वर्षांचा गॅप असला तर बहुतेक वेळा तो एमपीएससीचा असतो आणि बाईच्या बायोडेटात असला तर बाळंतपण किंवा घरातलं आजारपण. दोन्हींत माणूस हातावर हात ठेवून बसलेला नव्हता. मोजमाप विसरलाय का एवढंच बघायचं असेल तर ते टेस्टमध्ये कळतं, त्यासाठी अर्ज उडवायची गरज नाही.

इंग्लिश कामाला लागतं का? आमच्याकडे रिपोर्ट इंग्लिशमध्ये भरावा लागतो, म्हणजे वाचता आणि चार शब्द लिहिता यायला हवेत. बोलायची गरज नाही, शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात तिथे, सगळे मराठी-हिंदीच बोलतात. मग जाहिरातीत "ड्रॉइंग आणि रिपोर्ट इंग्लिशमध्ये वाचता-लिहिता येणं" असं लिहायचं, फ्लुएंट वगैरे नाही. टू-व्हीलरची अट तर सरळ काढून टाकली, कंपनीची बस आहे.

आणि "मेल प्रेफर्ड" हे तर लिहूच नका. नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही, भरतीत बाई-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती, आता तेच २०१९ च्या वेतन संहितेत आलंय. रात्रपाळी आहे म्हणून बाई नको, हे कारणही चालत नाही. बाईची संमती आणि जाण्यायेण्याची, सुरक्षेची सोय हे दोन्ही असेल तर ती रात्रपाळी करू शकते, आणि जमेल की नाही हे तिने सांगायचं, आपण तिच्या वतीने ठरवायचं नाही.

जाहिरात कुठे पोचते

माझ्या मते सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी शॉपवरची निम्म्याहून जास्त पोरं तीन गावांतली होती, कारण जागा निघाली की वॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं आणि जो आत आहे त्याने आपला भाऊ, आपला मेव्हणा, आपल्या आळीतला मित्र आणायचा. कोणी कोणाला मुद्दाम बाहेर ठेवलं नव्हतं. पण ज्याच्या आळीतलं कोणीच कधी कंपनीत शिरलेलं नाही त्याला जागा निघाली हे कळणारच कसं?

रेफरल बंद करा असं मी म्हणत नाही, ओळखीने आलेली माणसं टिकतात हे खरं आहे. पण दोन नियम करा. रेफरलवाला त्याच टेस्टला बसणार, त्याला मागच्या दाराने आत घ्यायचं नाही. आणि जाहिरात बाहेर लागल्यावर निदान दहा दिवस कोणाचीच निवड करायची नाही. ती कुठे लावायची तर तालुक्याच्या आयटीआयत, पॉलिटेक्निकमध्ये, समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या बोर्डवर (वॉर्डनला फोन केला तर ते आनंदाने लावतात, मुलींच्या वसतिगृहात आवर्जून करा), सरकारच्या महास्वयं पोर्टलवर, आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या जवळच्या संस्थेत. एका दुपारचं काम आहे.

तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं तसंही कायद्याने बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. बहुतेक कंपन्या ही कटकट म्हणून उरकतात. माझा अनुभव उलटा आहे, वर्षभर माणसाचा हात डोळ्यांदेखत बघायला मिळतो. मुलाखतीत गप्प राहणाऱ्या पोरांना तर याच्याइतका चांगला दरवाजा दुसरा नाही.

अर्ज गाळताना

नाव, फोटो, वय, पत्ता, लग्न झालंय का, वडील काय करतात, हे सगळं झाकून अर्ज बघा. त्यासाठी सॉफ्टवेअर नको. आमच्या ऑफिसातला मुलगा प्रत्येक अर्जाला नंबर देतो आणि फक्त कामाशी संबंधित चार रकाने एक्सेलमध्ये भरतो, साठ अर्जांना अर्धा दिवस लागतो. मी आणि प्रॉडक्शनचे साहेब फक्त ती शीट बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा साहेब म्हणाले, "अहो मॅडम, माणूस कोण आहे कळल्याशिवाय कसं बोलावणार?" मी म्हटलं, बोलावल्यावर कळेलच की.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते निष्पक्ष असतं असं धरून चालू नका. अॅमेझॉनने अर्ज गाळायला एक एआय बनवलं होतं, ते मागच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकलं, त्यात पुरुषच जास्त होते, तर बायोडेटात महिलांच्या क्लबचा वगैरे उल्लेख दिसला की ते मार्क कमी करायला लागलं. शेवटी बंद करावं लागलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. मशीनसुद्धा आपल्याच जुन्या सवयी शिकतं.

खरं काम करून बघायला द्या

अख्ख्या लेखातलं एकच करणार असाल तर हे करा.

इन्स्पेक्टरच्या एका जागेसाठी आमच्याकडे शेवटी दोघं उरले होते. एकाला ७१ टक्के, शहरातलं कॉलेज, तीन वर्षांचा अनुभव, बोलणं एकदम स्वच्छ. दुसरा परभणीकडचा, आयटीआय करून मग डिप्लोमा, ५४ टक्के, आणि गप्पा मारताना इतका अवघडलेला की पाण्याचा ग्लास उचलायलाही लाजत होता. दोघांना वेगवेगळं बसवून सारखीच टेस्ट दिली. टेबलावर चाळीस एमएमचा एक शाफ्ट, ड्रॉइंग, पंचवीस ते पन्नासचा मायक्रोमीटर आणि त्याच्या डब्यात झिरो तपासायचा पंचवीसचा सेटिंग रॉड. मायक्रोमीटरचा झिरो मी मुद्दाम दोन शतांश एमएमने हलवून ठेवला होता, आणि शाफ्ट नुकताच मशीनवरून उतरवून आणला होता.

पहिल्याने पाच ठिकाणी मोजलं, पाच रीडिंग सुंदर अक्षरात लिहिली, खाली इंग्लिशमध्ये शेरा मारला. पाचही रीडिंग दोन शतांशाने चुकलेली.

दुसऱ्याने शाफ्टला हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाला, "मॅडम, हा आत्ताच उतरलाय ना, जरा गार होऊ द्या." मग डबा उघडून रॉड काढला. उत्तराच्या कागदाचा कोरा कोपरा फाडला, मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये हलकेच धरून ओढून घेतला, म्हणजे तिथली धूळ-तेल निघून जातं, मग रॉड लावला, रॅचेट तीनदा फिरवला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "याचा झिरो हललाय." चाळीस एमएमचं स्टील वीस डिग्री जास्त गरम असेल तर साधारण नऊ मायक्रॉनने (एमएमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) फुगतं, आणि त्या ड्रॉइंगवर सगळा मिळून टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, होता वीस मायक्रॉन. हे त्याला आकड्यात सांगता आलं असतं की नाही माहीत नाही. पण हाताला माहीत होतं.

त्याला घेतलं. ती ६० टक्क्यांची अट असती तर तो गेटच्या आत आलाच नसता आणि मी पहिल्याला घेऊन, चांगलं मेरिट मिळालं म्हणून खूश राहिले असते. हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो, कारण त्याच्या आधीच्या वर्षांत असे किती गेले असतील.

प्रत्येक कामाची अशी टेस्ट निघते. अकाउंटंटला दहा बिलं द्या ज्यात दोन चुकलेली आहेत. सेल्सवाल्याला चिडलेल्या कस्टमरचा फोन घ्यायला लावा, फोन तुम्हीच करा. टेस्ट एक तासाच्या आत बसवा, त्याहून जास्त वेळ घेणार असाल तर त्याचे पैसे द्या, आणि त्याच्याकडून फुकटात आपलं खरं काम काढून घेऊ नका, असे प्रकार चालतात.

मुलाखत

टेस्ट आधी, मुलाखत नंतर. उलट केलं तर मुलाखतीत छाप पडलेल्याची टेस्ट आपण सैल हाताने तपासतो.

सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक प्रश्नाचं चांगलं उत्तर कसं असेल हे आधी लिहून ठेवलेलं. साहेबांना हे सुरुवातीला शाळेच्या तोंडी परीक्षेसारखं वाटायचं, "बोलता बोलता माणूस कळतो" हा त्यांचा ठाम विश्वास. पण या विषयावर जगात भरपूर मोजमाप झालंय. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे सगळे अभ्यास परत तपासले, तर पुढे माणूस काम कसं करेल हे सांगण्यात अशी ठरवून घेतलेली मुलाखत सगळ्यात वर आली, आणि नुसती अनुभवाची वर्षं पार खाली. आपण जाहिरातीत सगळ्यात ठळक काय लिहितो? किमान अमुक वर्षं अनुभव.

मार्क ज्याचे त्याने, एकमेकांशी बोलायच्या आधी, कागदावर लिहायचे. आणि सगळ्यात मोठ्या साहेबाने सगळ्यात शेवटी बोलायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण साहेब आधी "मुलगा बरा वाटला" म्हणाले की बाकीच्यांचा तीन चा चार होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकाने पाच दिले आणि दुसऱ्याने दोन, तर भांडायचं, पण त्याने काय उत्तर दिलं यावरून. "मला नाही वाटत तो आपल्यात मिक्स होईल" एवढंच कारण असेल तर ते मोजू नका. आपल्यात म्हणजे कोणात, हे त्या माणसाला विचारा, बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

काय विचारायचं नाही तेही सांगते. माझ्या पहिल्या मुलाखतीत, दुसऱ्या एका कंपनीत, मला ड्रॉइंगवर एक प्रश्न विचारला आणि लग्नावर चार. सासरचे नोकरी करू देतील का, मूल कधी, मूल झाल्यावर काय. तिथून घरी येताना बसमध्ये मी विचार करत होते की ड्रॉइंगचं अजून काय काय सांगता आलं असतं. म्हणून आमच्याकडे लग्न, मूल, सासर हा विषय बंद. शिफ्ट जमेल का, हा प्रश्न बाईला आणि पुरुषाला दोघांनाही, त्याच शब्दांत. "मूळ गाव कुठलं?", "पूर्ण नाव सांगा", "व्हेज की नॉनव्हेज?" हे गप्पांतले साधे प्रश्न वाटतात, पण जात शोधायला ते कसे वापरतात हे समोरच्याला पक्कं माहीत असतं आणि तो तिथेच आकसतो, मग पुढची उत्तरं त्याची खरी उत्तरं राहत नाहीत. कॅन्टीनला काय हवं ते जॉइन झाल्यावर विचारा.

मेडिकल करून घेता? त्यात एचआयव्हीची टेस्ट असेल तर काढा, २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी ती अट घालता येत नाही. तृतीयपंथी उमेदवाराला त्या कारणाने नाकारणं २०१९ च्या कायद्यात बसत नाही. आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली समान संधीचं लेखी धोरण आणि त्यासाठी एक नेमलेला माणूस लागतो, हे खूप छोट्या कंपन्यांना ठाऊकच नसतं. बोलावतानाच एक ओळ लिहा, "टेस्टसाठी काही सोय लागणार असेल तर कळवा". आमच्याकडे ऐकू न येणारा एक मुलगा आला होता, त्याला फक्त प्रश्न छापून हवे होते. छापले, दोन मिनिटं लागली.

पगाराचं: "आत्ता किती मिळतात" हे विचारणं आम्ही बंद केलं. ज्याला आधी कुठेतरी कमी दिलं त्याला आपणही कमी देणार, म्हणजे त्या कंपनीचा अन्याय आपण पुढे चालवणार. जागेचा पगार आधी ठरवा, जाहिरातीत छापा, दोन हजाराच्या आत वरखाली.

घेतल्यानंतर

सीएमएमवर, म्हणजे जॉब मोजायच्या मशीनवर, आम्ही पहिल्यांदा एका मुलीला घेतलं तेव्हा आठवड्याभरात शॉपवर कुजबूज सुरू, "कोट्यातून आली". खासगी कंपनीत कसला कोटा? पण बोलणाऱ्यांचं तोंड नुसत्या समजावण्याने बंद होत नाही. मी तिची आणि बाकी तिघांची टेस्टची शीट, नावं झाकून, दोन सुपरवायझरना दाखवली आणि म्हटलं तुम्हीच सांगा कोणाला घ्यायचं. दोघांनी तिच्याच शीटवर बोट ठेवलं. त्यानंतर मला त्या विषयावर बोलावं लागलं नाही. म्हणून म्हणते, कागद जपून ठेवा, ज्याला निवडलंय त्याचं ते संरक्षण आहे. आणि फोटोत एक बाई दिसावी म्हणून कोणाला घेऊ नका, तिच्यावर तो शिक्का कायमचा बसतो आणि तिच्यामागून येणाऱ्यांवरही.

पण तिच्या पहिल्याच महिन्यात आमची चूक कळली. लेडीज टॉयलेट ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये होतं, शॉपपासून जाऊन यायला बारा मिनिटं, आणि ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. माणूस घ्यायच्या आधी स्वतः शॉपवरून टॉयलेटपर्यंत चालून बघा. चेंजिंग रूम, तिच्या मापाचे सेफ्टी शूज, बस किती वाजता कुठे सोडते, हे सगळं जॉइनिंगच्या आधी. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही कायद्यात आहे, आणि बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे पगारी. हा खर्च जागा काढतानाच धरा म्हणजे ऐन वेळी कोणाचा चेहरा पडणार नाही.

प्रत्येक नव्या माणसाला पहिले तीन महिने एक जुना माणूस जोडून द्या, आणि तो त्याच्या गावचा, त्याच्या ओळखीचा नको.

ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवा. टेस्टमध्ये काय राहिलं ते दोन ओळीत लिहा. त्या ७१ टक्केवाल्या मुलाला मी लिहिलं होतं की झिरो तपासायचा राहिला. आठ महिन्यांनी दुसरी जागा निघाली तेव्हा त्याने परत अर्ज केला, आणि टेबलावर बसल्या बसल्या आधी रॉड मागितला. आता दोघं एकाच शिफ्टला आहेत.

वर्षातून एकदा फाइल काढून बसा. कोणाला किती मार्क दिले होते आणि आज तो काम कसं करतोय, शेजारी शेजारी ठेवा. आम्ही मागच्या वर्षी बसलो तर "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" या प्रश्नाचे मार्क आणि प्रत्यक्ष काम यांचा काहीच मेळ लागत नव्हता. तो प्रश्न काढला. त्या जागी आता विचारतो, "सुपरवायझर म्हणतोय जाऊ दे, आणि जॉब बसत नाहीये, काय कराल?"